सात आसनी एसयूव्हीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल : कोणते घ्यावे आणि कसे बदलावे?

प्रश्न

नमस्कार. आमच्या सात आसनी डिझेल एसयूव्हीला टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची शक्ती ऑइलच्या माध्यमातून गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेला सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. गाडी आता एक लाख किलोमीटरच्या जवळ आली आहे, पण गिअरबॉक्सचे ऑइल एकदाही बदललेले नाही, कारण सर्व्हिस पुस्तिकेत ते बदलण्याचा उल्लेखच नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये ते आयुष्यभरासाठी असते असे सांगितले. दुसऱ्या एका गॅरेजने मशीन लावून सगळे ऑइल एकाच वेळी बदलण्याचा आणि ‘सर्व गाड्यांना चालणारे’ एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) भरण्याचा सल्ला दिला. गिअर बदलताना सध्या झटका किंवा आवाज जाणवत नाही. इतक्या उशिरा ऑइल बदलल्यास गिअरबॉक्स बिघडतो असेही ऐकले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

ऑइल अवश्य बदलून घ्या, आणि गिअरबॉक्स नीट चालतो आहे तोवरच घ्या. ‘आयुष्यभर’ या शब्दावर विसंबू नये असे माझे ठाम मत आहे, कारण अनेक गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही कंपनी स्वतःच आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदलण्याची शिफारस करते. भरलेली गाडी सतत चढावर किंवा वाहतूक कोंडीत चालत असेल, तर ऑइल अधिक तापते, त्यातील रासायनिक घटक लवकर संपतात आणि ही मर्यादा आणखी अलीकडे येते.

निवड करताना ब्रँडपेक्षा स्पेसिफिकेशन पाहावे. डेक्सरॉन-६, मर्कॉन एलव्ही, टोयोटा डब्ल्यूएस ही एटीएफच्या वेगवेगळ्या स्पेसिफिकेशनची नावे आहेत; ती ऑइले एकमेकांच्या जागी वापरण्यासाठी नाहीत. क्लचच्या प्लेटा किती घट्ट आणि किती हळुवार पकडाव्यात, हे ऑइलच्या घर्षणगुणांवर ठरते आणि गिअरबॉक्सचा संगणक त्याच गुणांना धरून दाब देतो. डेक्सरॉन-६ आणि डब्ल्यूएस ही दोन्ही जुन्या डेक्सरॉन-३ पेक्षा पातळ आहेत, म्हणून ‘लाल एटीएफ म्हणजे सगळे सारखेच’ हा समज घातक ठरतो. पुस्तिकेत दिलेला कोड डब्यावर जसाच्या तसा छापलेला असेल तरच ते ऑइल घ्यावे; नसेल, तर कंपनीचे मूळ ऑइल थोडे महाग पडले तरी तेच घ्यावे. सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पुली आणि पट्ट्यावर चालणाऱ्या) गिअरबॉक्सला तर स्वतंत्र ऑइल लागते; त्यात साधे एटीएफ मुळीच भरू नये.

मशीन लावण्याऐवजी मी निथळून भरण्याची पद्धत सुचवेन. ड्रेन प्लग काढल्यावर सगळे ऑइल बाहेर येत नाही, कारण बराच भाग टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतो. एका वेळी ४० टक्के बदलले जाते असे धरले, तर मधे थोडी गाडी चालवून तीनदा बदलल्यावर जुने ऑइल साधारण २२ टक्केच उरते, आणि तेवढे पुरेसे आहे. पहिल्या खेपेस पॅन (गिअरबॉक्सच्या तळाचे ऑइलचे भांडे) उतरवून फिल्टर आणि गॅस्केटही बदलून घ्यावे (काही गाड्यांत पॅन आणि फिल्टर एकत्रच येतात). पॅनमधील चुंबक स्वतः पाहा: त्यावर बोटाला शाईसारखा लागणारा बारीक राखाडी लगदा असेल तर ती नेहमीची झीज आहे, परंतु टोचणारे धातूचे कण किंवा तुकडे दिसले तर काम तिथेच थांबवून गिअरबॉक्सची तपासणी करावी.

दोन गोष्टींवर तडजोड नको. ड्रेन प्लग उघडण्याआधी भरायचा प्लग सुटतो याची खात्री करावी, नाहीतर गिअरबॉक्स रिकामा होतो आणि भरायला वाट नसते. दुसरी गोष्ट पातळीची. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये गाडी पूर्ण सपाटीवर, इंजिन चालू आणि ऑइल कंपनीने सांगितलेल्या तापमानाला असताना पातळी तपासतात. हे तापमान बहुधा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि ते स्कॅनरवर पाहावे लागते. पातळीच्या प्लगमधून ऑइलची धार थांबून बारीक ओघळ उरला की प्लग नव्या वॉशरसह बंद करावा. थंड ऑइलवर पातळी धरली, तर ते गरम होऊन फुगल्यावर गिअरबॉक्समध्ये जास्तीचे ठरते.

प्रतिसाद

वरील सल्ल्याशी सहमत आहे. बिघाडाच्या भीतीबद्दल सांगायचे, तर गिअर घसरू लागल्यावरच बरेच लोक ऑइल बदलतात. तोवर क्लच प्लेटांचे अस्तर झिजलेले असते आणि दोष मात्र नव्या ऑइलवर येतो. तुमच्या गाडीला तशी लक्षणे नसल्याने ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह आहे. ट्रान्स्फर केस (शक्ती पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारा भाग) आणि डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) यांनाही हेच ऑइल चालेल का?

प्रतिसाद

गृहीत धरू नका. डिफरन्शियलला सहसा जीएल-५ दर्जाचे गिअर ऑइल लागते. ट्रान्स्फर केसला काही गाड्यांत एटीएफ, तर काहींत वेगळेच ऑइल असते. तिन्हींचे कोड पुस्तिकेतून लिहून गॅरेजला द्या, आणि नवे डबे तुमच्यासमोर उघडायला सांगा.