आधी पाणी वळवायचं, की आधी गल्लीत फूट रंगवायचे?

कृष्णाकाठचा
मंडळी, पावसाळा लागला की सांगलीत एकच प्रश्न, "आयर्विनला किती झालं?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं. ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे शाळकरी पोराला पाठ असतं. पण आपल्या दारात पाणी कितव्या फुटाला लागतं, ते गल्लीतलं एखादं जुनं माणूसच सांगतं.

कृष्णा-भीमा खोऱ्यातल्या पुरासाठी जागतिक बँकेच्या कर्जातून सुमारे ३,२०० कोटींचा कार्यक्रम होतोय. चर्चा सगळी पुराचं पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याची. माझं मत, त्यातला पहिला पैसा गल्लीत यावा. दर खांबावर लिहा, आयर्विनला इतके फूट झाले की इथे पाणी. काठच्या प्रत्येक गावाला धड बोट द्या, जॅकेटं द्या, ती चालवायला शिकवलेली पोरं तयार करा. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढताना बोट गच्च भरली, उलटली आणि १७ जण गेले. पाणी वाढतंय हे त्याआधी कितीतरी दिवस दिसत होतं.

आटपाडीकर
साफ असहमत. २०१९ च्या ऑगस्टात तुम्ही गच्चीवर होता, तेव्हा आमच्याकडे टँकर चालू होते. एकाच जिल्ह्यात! टेंभू उपसा योजनेचं कृष्णेचं पाणी आलं आणि आमच्याकडे डाळिंब उभं राहिलं, पोरं गावात थांबली. आम्हाला तगायचं असेल तर पाणीच लागतं. खांबावरच्या रंगानं तुमचा जीव वाचेल, पण दर पुरात संसार पुन्हा मांडावा लागणारच. पाणी वळवलं तर दोघांचंही भलं. बोटी घ्या की, पण तेवढ्यासाठी आमचं पाणी मागे ढकलू नका.

शिरोळचा पाटील
मूळ दुखणं नदीच्या खालच्या अंगाचं, कर्नाटकातलं अलमट्टी धरण, त्याचंच पाणी मागे आपल्याकडे तुंबतं. उंची ५१९.६ वरून ५२४ मीटरच्या पुढे न्यायला निघालेत. आधी ते थांबवा, मग खांब रंगवा.

कृष्णाकाठचा
पाटील, उंची वाढवायला माझाही विरोधच आहे. पण २०१९ च्या पुरानंतर सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं अभ्यास केला आणि त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. अफाट पाऊस आणि नदीच्या पात्रात आपणच केलेली बांधकामं, यांवर बोट ठेवलं. ते आपल्या हातातलं आहे.

आटपाडीकर, तुम्हाला पाणी मिळायलाच हवं, वर्षभर मिळावं. पण त्यानं सांगलीचा पूर उतरेल हे मला पटत नाही. हिशोब बघा. त्या ऑगस्टात अलमट्टीतून ५ लाख क्युसेकच्या वर, म्हणजे सेकंदाला ५ लाख घनफुटांहून जास्त पाणी सुटत होतं. म्हणजे दिवसाला ४३ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). एवढ्या पाण्यानं कोयनेएवढं रिकामं धरण अडीच दिवसांत भरेल. हे पाणी उचलायला किती पंप लावणार, आणि ठेवणार कुठे?

गावभाग
दादा, तुमची कळकळ कळते, पण खुणेवर माझा विश्वास राहिलेला नाही. २००५ ला ५३.८ फूट झालं होतं. आमच्या वडिलांनी भिंतीवर निळ्या रंगाची रेघ मारून ठेवली. २०१९ ला पाणी चढायला लागलं तसं आम्ही सगळं त्या रेघेच्या हातभर वर नेलं. गव्हाची पोती, आईची शिलाई मशीन, दुकानाच्या वह्या. "यापुढे काय येत नाही," म्हणून थांबलो. आलं ५७.५ ला. रेघेच्या पावणेचार फूट वर. वह्यांचा लगदा झाला, उधारी सगळी बुडाली. ती रेघ नसती तर आम्ही दोन दिवस आधी बाहेर पडलो असतो. खूण माणसाला धीर देते, आणि तोच धीर नडतो.

भिलवडीची
बाहेर पडा म्हणणं सोपं आहे हो. आमच्या दावणीला दोन म्हशी आणि एक रेडकू होतं. बोटीत म्हैस घेत नाहीत. सासऱ्यांनी पोराबाळांना पाठवलं आणि स्वतः गोठ्यात थांबले. शेवटी कमरेएवढ्या पाण्यात दावी कापली. एक म्हैस सापडली, एक नाही. रेडकू तर नाहीच. गावाजवळ उंचावर जनावरं बांधायला जागा आणि चारा असता तर ते पहिल्याच दिवशी निघाले असते. कुठल्या आराखड्यात हे आहे का?

पाणीवाला
ताई, तुमचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. कामानिमित्त मी बांगलादेशच्या किनाऱ्यावर दोन वर्षं होतो. १९७० च्या भोला चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसं मेली. २००७ च्या सिद्रमध्ये साडेतीन हजारांच्या आत. तो देश काय श्रीमंत नव्हता. गावागावातले स्वयंसेवक भोंगा घेऊन दारोदारी जातात, निवारे बांधलेत, आणि जनावरांसाठी मातीचे उंच भराव घातलेत. त्याला तिकडे 'किल्ला' म्हणतात. आपला शब्द! जनावर सुरक्षित असलं की शेतकरी घर सोडतो, हे त्यांनी फार आधी ओळखलं.

आटपाडीकर
किल्ला पटला. पण बांगलादेशात वादळ आलं आणि गेलं, आमचा दुष्काळ आठ महिने हलत नाही. कर्ज सगळ्या राज्याच्या नावावर आहे, फेडणार आम्हीपण. पूर उतरत नसेल तर नसू दे, पाणी वळवायचं ते आमच्या शेतासाठी वळवा. माझं मत बदललेलं नाही.

कृष्णाकाठचा
ते मांडायलाच हवं, आणि शेतासाठी म्हणूनच मांडा, मी तुमच्या बाजूला उभा राहीन.

गावभाग, तुमचं बरोबर आहे. मागच्या पुराची रेघ लावून भागणार नाही, मी चुकलो. खांबावर फक्त "इथे पाणी कधी लागतं" हे असावं, कुठवर चढेल ते अजिबात नको. आणि लागण्याआधी पाच फूट असतानाच गल्ली रिकामी. भिलवडीच्या ताई, तुमच्या गावाजवळ गायरान आहे का? किती एकर, आणि २०१९ ला ते कोरडं राहिलं होतं का?

भिलवडीची
मला नक्की नाही सांगता यायचं. सासऱ्यांना विचारून रात्री लिहिते.