हाताने चितारलेल्या टॅरो पत्त्यांसाठी कागद आणि फिनिश कोणते घ्यावे?

जलरंगी, कोथरूड:
टॅरोचा (भविष्य वाचण्यासाठी उचलायच्या पत्त्यांचा) पूर्ण संच, म्हणजे मुख्य २२ आणि उरलेली ५६ अशी ७८ चित्रे, मी जलरंगात पूर्ण केली असून पहिल्या खेपेला २५ संच डिजिटल छापून घ्यायचे आहेत. आकार नेहमीचा, ७० गुणिले १२० मिलिमीटर आहे. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास चौकशी केली, तेव्हा एकाने ३०० जीएसएमचे (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचे) आर्ट कार्ड, म्हणजे गुळगुळीत जाड कागद, आणि ग्लॉस लॅमिनेशन (चकचकीत प्लास्टिक फिल्मचे आवरण) सुचवले, दुसऱ्याने ३५० आणि मॅट (बिनचकाकीचे), तर तिसऱ्याने "व्हिजिटिंग कार्डासारखे करून देतो" एवढ्यावरच विषय संपवला. माझ्या मनात हातकागद आहे. चित्रे हाताची, तर कागदही हाताचा असावा. नमुन्याच्या काही पत्त्यांवर केवळ चित्राच्या बाजूने मॅट लॅमिनेशन करून घेतले होते, ते ऐन पावसाळ्यात आठवड्याभरात पन्हळीसारखे वळले. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना छापखाना, नारायण पेठ:
तुमच्या पत्त्यांचे दुखणे कागदात नसून एकतर्फी लॅमिनेशनमध्ये आहे. मोकळी बाजू हवेतला ओलावा शोषून फुगते, फिल्म लावलेली बाजू फुगू शकत नाही, त्यामुळे पत्ता फिल्मच्या दिशेने वळतो. दोन्ही बाजूंना एकाच जातीची आणि एकाच जाडीची फिल्म लावून घ्या.

हातकागदाचा मोह मी समजू शकतो. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासूनची आहे आणि सुती चिंध्यांच्या लगद्याचा तो कागद हातात घेतला की खाली ठेववत नाही. तरीही पत्त्यांसाठी तो घेऊ नका. त्याची जाडी एकाच शीटमध्येसुद्धा कमीजास्त असते, खडबडीत पृष्ठभागाच्या खळग्यांत टोनर (डिजिटल छपाईची रंगपूड) बसत नाही आणि पत्ते पिसू लागताच कडा पिंजतात. पेटीच्या आवरणाला मात्र तो अवश्य वापरा.

३०० की ३५० या प्रश्नात मी ३०० च्या बाजूचा आहे. ३० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फिल्म दोन्हीकडून लावली, तर निव्वळ फिल्मनेच ७८ पत्त्यांच्या गड्डीची उंची साडेचार मिलिमीटरहून अधिक वाढते, आणि मुळात रुंद असलेला हा पत्ता ३५० मध्ये पिसताना लहान हाताच्या माणसाची तारांबळ उडते. (माझा टॅरोवर विश्वास नाही, पण पत्ता नीट पिसता आला पाहिजे यावर आहे.) फिल्मने उंची अशी वाढते, म्हणून पेटीची डाय (कापण्याचा साचा) आधी करू नका, तयार गड्डी मोजूनच ती करायला द्या.

फिनिशबाबत म्हणाल, तर ग्लॉसमध्ये रंग खुलतात, पण दिव्याखाली चित्राऐवजी दिवाच दिसतो आणि घामट हातांत पत्ते एकमेकांना चिकटतात. व्हेल्वेट, म्हणजे मखमली स्पर्शाची फिल्म, हाताला लोण्यासारखी लागते, परंतु पत्त्यावरून पत्ता सरकत नाही. जलरंगांना मॅटच शोभते. फक्त गडद पाठीवर तिचे ओरखडे पांढरे उठून दिसतात, म्हणून पाठ फिक्या रंगाची ठेवा. डिजिटल छपाईत गडद भागावरची साधी फिल्म पुढे सुटून फुगण्याचा धोका असतो, त्यामुळे डिजिटलसाठीची जास्त चिकट फिल्म मिळेल का, हे ऑर्डर देण्यापूर्वीच विचारा.

मांडणीत एक चूक सर्रास होते. १३ गुणिले १९ इंचांच्या शीटवर, चहूबाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना निघून जाणारी जादा छपाई) धरून, १२ पत्ते बसतात. म्हणजे सात शीटमध्ये ८४ जागा मिळतात आणि सहा उरतात. जागा वाचवण्यासाठी काही पत्ते आडवे फिरवून लावले, तर त्यांच्यात कागदाच्या तंतूंची दिशा बदलते, ते वेगळे वाकतात आणि डोळे मिटूनही हाताला ओळखू येतात. टॅरोसाठी याहून वाईट काय असेल? पाठीला बारीक चौकट देऊ नका, कारण पाठपोट छपाईत एखादा मिलिमीटर सरकला तरी चौकट ते ओरडून सांगते. शिवाय टॅरोत उलटा पत्ता वेगळा वाचतात, तेव्हा पाठीची नक्षी उलटसुलट सारखीच दिसायला हवी.

रंगरेषा, सदाशिव पेठ:
वरील बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे. खेळाच्या चांगल्या पत्त्यांमध्ये दोन कागदांच्या मधोमध गडद खळीचा थर असतो, म्हणून उजेडात धरले तरी पलीकडचे काही दिसत नाही. २५ संचांसाठी तो खास कागद मिळवण्याचा खटाटोप परवडणार नाही. सावंतवाडीच्या गंजिफांमध्येही (हाताने रंगवलेल्या पारंपरिक पत्त्यांमध्येही) चिंचोक्याची खळ आणि वर लाखेचा थर असतो, तेव्हा पत्त्याला टणक करण्याची ही विद्या आपल्याला नवी नाही. साध्या आर्ट कार्डाचा नमुना मात्र बल्बसमोर धरून अवश्य पाहा.

कोपऱ्यांचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. २५ संच म्हणजे १९५० पत्ते आणि ७८०० कोपरे. हाताच्या कॉर्नर कटरने मी एकदा याच्या निम्मे कोपरे कापले होते. पाते बोथट होत गेले, शेवटच्या गड्ड्यांच्या कोपऱ्यांवर फिल्म उसवून कुसळे निघाली आणि ती नखाने खुडत बसावे लागले. डाय पंचिंगच करून घ्या.

जलरंगी, कोथरूड:
सर्वांचे मनापासून आभार. हातकागद पेटीवर जाईल. ३०० आणि ३५० ची एकेक शीट दोन्हीकडून मॅट करून मागवते आणि आठवडाभर घरातल्या सर्वांना पिसायला देते. पाठ मी गडद निळी रंगवली होती, ती आता पुन्हा काढायला बसले आहे.