जुनं घर घेण्याआधीच्या तपासणीत काय बघतात?

प्रश्न: जुळे सोलापुरात जुनं रो-हाऊस बघतोय. तपासनीस नेमकं काय बघतो?

उत्तर १: आधी भेगा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असला की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. प्लास्टरची केसाएवढी सोडा. ५ मिमीच्या पुढची, आरपार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच बोलवा.

उत्तर २: गच्चीवर २४ तास पाणी कोंडून खालचं छत बघायला लावा. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबून तो पडला, म्हणजे अर्थिंग ठीक असं नव्हे! ते मीटरनेच मोजतात.

उत्तर ३: हौद विसरू नका, इथं पाणी रोज कुठे येतं? रात्री कॉक बंद करून पातळीला खूण करा, सकाळी बघा. भिंतीतले पाइप मात्र तपासणीत दिसत नाहीत. कागदपत्रं वकिलाकडे.