जिरातले पडून असलेले स्टेटस: उडवायचे की राहू द्यायचे?

सातपूरकर
आमची टीम अंबडला बसते, मशीनच्या कंट्रोल पॅनलचं सॉफ्टवेअर करतो. जिरात, म्हणजे टीमच्या कामांची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरमधे, स्टेटसची (काम कुठल्या टप्प्यावर आहे त्या नावांची) यादी उघडली की खाली खाली स्क्रोलच करत राहायचं. 'टेस्टिंग', 'इन टेस्टिंग', 'क्यूए', 'क्यूए टेस्टिंग', 'रेडी फॉर क्यूए', सगळी एकाच कामाची नावं आणि वापरात त्यातलं एकच. माझं मत सरळ आहे, ज्यावर एकही तिकीट (नोंदवलेलं काम) नाही आणि जे कुठल्या वर्कफ्लोतही (काम कुठल्या स्टेटसवरून कुठे जाईल तो क्रम) नाही ते आजच उडवा. कारण नवीन पोरगं वर्कफ्लो बनवायला बसलं की यादीत जे आधी दिसेल ते उचलतं, मग एका प्रोजेक्टला 'क्यूए', दुसऱ्याला 'टेस्टिंग', आणि सगळीकडे मिळून टेस्टिंगला किती काम अडकलंय हे बघायचं तर फिल्टरमधे, म्हणजे तिकिटं शोधायच्या अटीत, पाचही नावं लिहा, एक राहिलं की आकडा चुकला. वर्कफ्लोत असलेलं स्टेटस तर जिरा डिलीटच करू देत नाही, मग भीती कसली?

गोदाकाठ
भीती आहे भाऊ. जिरा फक्त वर्कफ्लोपुरतं अडवतो. सेव्ह केलेले फिल्टर, बोर्ड (तिकिटं मांडून दाखवणारा फलक), ऑटोमेशनचे (आपोआप होणाऱ्या कामांचे) रूल यात ते नाव कुठे कुठे लिहिलंय याची तो काळजी घेत नाही. आधीच्या कंपनीत शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी 'ऑन होल्ड' उडवलं. बोर्डाच्या फिल्टरमधे 'ऑन होल्ड सोडून बाकी सगळं' अशी अट होती, सोमवारी स्टँडअपला (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला) बोर्ड उघडला तर तिकिटांच्या जागी एरर, की असं स्टेटसच अस्तित्वात नाही. ज्याने फिल्टर बनवला तो केव्हाच पुण्याला गेलेला. अर्धा दिवस गेला सगळ्यांचा. न वापरलेलं स्टेटस कुणाचं काही बिघडवत नाही, पडून राहू द्या. फारच खुपत असेल तर नावाआधी 'झेड' लावा, दिसलं की कळतं वापरायचं नाही.

सातपूरकर
'झेड' लावलं तरी नाव बदललंच ना, नावाने लिहिलेला फिल्टर तसाही मोडणार! आणि कंपनी-मॅनेज्ड (ॲडमिन सांभाळतो त्या) प्रोजेक्टमधलं स्टेटस सगळ्यांचं सामाईक असतं, एका ठिकाणी बदललं की जिथे जिथे आहे तिथे सगळीकडे बदलतं. उपाय हाच की आधी फिल्टर शोधा, त्यातून ते स्टेटस काढा, मग डिलीट करा. तिकिटाच्या हिस्टरीत जुनं नाव मजकूर म्हणून राहतंच, त्यामुळे ऑडिटला काय दाखवायचं हा प्रश्न येत नाही.

कॉलेजरोडची टेस्टर
तुम्ही दोघंही शेवटच्या पायरीवर भांडताय. दादा, तुमच्या त्या पाचातली निम्मी डिलीट होणारच नाहीत, कारण वर्कफ्लोचा ड्राफ्ट (बदल केलेला कच्चा मसुदा) पब्लिश करताना बॅकअप ठेवू का असं विचारलं की सगळे हो म्हणतात, आणि 'कॉपी ऑफ' नावाचा इनॲक्टिव्ह (कुठल्याच प्रोजेक्टला न लावलेला) वर्कफ्लो मागे राहतो. त्यात ते स्टेटस असतं म्हणून जिराच्या लेखी ते वापरात. आधी ते इनॲक्टिव्ह वर्कफ्लो काढा.

आणि नावांपेक्षा मला कॅटेगरीची, म्हणजे स्टेटस ज्या मोठ्या गटात मोडतं त्याची, जास्त चिंता वाटते. जिरात कॅटेगरी तीनच, टू डू, इन प्रोग्रेस, डन. आमच्याकडे 'रद्द' हे स्टेटस इन प्रोग्रेसमधे टाकून ठेवलं होतं, निळं दिसायचं. कस्टमरने केव्हाच नको म्हटलेली कामं रिपोर्टमधे चालू म्हणून मोजली जायची आणि बोलणी आम्हा टेस्टरांना, की तुमच्याकडे एवढं पेंडिंग का. नको असलेली पन्नास स्टेटस मी सहन करेन, पण एक चुकीच्या कॅटेगरीत असलेलं नाही.

गोदाकाठ
ताई, कॅटेगरीचं शंभर टक्के पटलं, ते आजच्या आज करायला हवं. डिलीटला माझा विरोध कायम. फिल्टर शोधा म्हणणं सोपं, लोकांचे प्रायव्हेट फिल्टर ॲडमिनला एका जागी सहज दिसतात का? पंधरा माणसांना विचारत फिरायचं.

सातपूरकर
फिरायचं की! ग्रुपवर मेसेज टाकायचा, आठवडाभर थांबायचं, मग उडवायचं. आणि त्याच दिवशी जिरा ॲडमिनचा अधिकार दोघांपुरता ठेवायचा, नाहीतर महिन्यात 'क्यूए टू' येईल. आमच्याकडे आत्ता तो जवळजवळ प्रत्येक लीडकडे आहे, यादी वाढायचं मूळ तिथे आहे.

कॉलेजरोडची टेस्टर
दोघांपैकी एक टेस्टिंगमधला ठेवा मात्र. स्टेटस आम्ही दिवसभर हलवतो.