जुन्या मोटारइंजिनांच्या चाचणीत पेट्रोलचा दोष इंजिनाच्या माथी कितपत बसत असे?

चाचणीमेज: मोटारनिर्मितीच्या आरंभीच्या काळातील इंजिनचाचण्यांविषयी वाचताना अश्वशक्ती आणि फेऱ्यांचे आकडे मिळतात, परंतु पेट्रोलविषयी बहुधा विशिष्ट गुरुत्वापलीकडे (पाण्याच्या तुलनेत ते किती जड, यापलीकडे) काहीच सापडत नाही. हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाचे गुरुत्व दाखवणारी तरंगती नळी, बुडवून पेट्रोलची पारख केली जात असे हे मला ठाऊक आहे. एवढ्यावर विसंबून दोन इंजिनांची तुलना करता येईल का, आणि शक्ती कमी भरली तर दोष इंजिनाचा की इंधनाचा हे कसे ठरवावे?

शंभर_मिली: केवळ विशिष्ट गुरुत्वावरून तुलना करता येणार नाही, कारण तो आकडा सरासरीचा असतो. नैसर्गिक वायूपासून वेगळे काढलेले अतिशय हलके पेट्रोल जड नॅफ्थ्यात (खनिज तेलातून निघणाऱ्या, सावकाश उडणाऱ्या द्रवात) मिसळले, तर हायड्रोमीटर चांगल्या, एकसारख्या पेट्रोलाइतकेच गुरुत्व दाखवू शकतो. इंजिनात मात्र हलका भाग चटकन उडून इंजिन सहज सुरू होते आणि जड भाग मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळीच्या, भिंतीवर ओला राहतो, त्यामुळे चार सिलिंडरांना सारखे मिश्रण मिळत नाही.

खरी ओळख ऊर्ध्वपातनात, म्हणजे इंधन तापवून त्याची वाफ पुन्हा थंड करून गोळा करण्यात, पटते. शंभर मिलिलीटर नमुना चंबूत घेऊन तापवावा, पहिला थेंब कोणत्या तापमानाला पडला, निम्मा भाग कधी उतरला आणि शेवटचा अंश कुठवर ताणला गेला हे लिहून ठेवावे. माझ्या मते या तीन नोंदींशिवाय त्या काळच्या शक्तीच्या आकड्याला अर्थ नाही.

याहून जुनी अडचण पृष्ठभागी कार्ब्युरेटरची (हवा व पेट्रोल मिसळणाऱ्या आरंभीच्या साधनाची) होती. त्यात हवा पेट्रोलाच्या पृष्ठभागावरून नेली जाई, म्हणून हलका अंश आधी निघून जाई आणि टाकीत उरलेले इंधन जड होत जाई; एकाच चाचणीच्या सुरुवातीला आणि शेवटी इंजिनाला वेगवेगळे इंधन मिळत असे. मोटारनिर्माते कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ यांनी 1888 च्या मोटारप्रवासात जर्मनीतील वीसलोखच्या औषधविक्रेत्याकडून घेतलेले लिग्रोइन (पेट्रोलासारखे हलके द्रव) अशाच कार्ब्युरेटरात गेले होते. जर्मन अभियंते मायबाख यांच्या 1893 च्या फवारा कार्ब्युरेटरने ही अडचण बरीच दूर केली.

ठिणगी_आधी: वरील उत्तरात नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी भडकून सिलिंडरात बसणारे ठोके, राहून गेले आहे, आणि दोष चुकीच्या माथी बसण्याचे सर्वांत ठळक उदाहरण तेच आहे. 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत अमेरिकन अभियंते केटरिंग यांची बॅटरीवरील ठिणगीव्यवस्था होती आणि इंजिनातील ठोक्यांचे खापर तिच्यावर फोडले गेले. केटरिंग यांनी सहकारी मिजली यांच्यासह केलेल्या शोधातून, ठोक्यांचे मूळ इंधनाच्या जळण्यात आहे हे पुढे दिसून आले. ठोका मोजण्याची त्यांची युक्ती मला फार आवडते: सिलिंडरातील पडद्यावर टेकलेली पोलादी पिन प्रत्येक ठोक्याला उडून विद्युतमंडल जोडी, त्या प्रवाहाने आम्लमिश्रित पाण्याचे विघटन होई आणि जमलेला वायू हेच ठोक्यांचे माप ठरे.

इंग्लंडमध्ये अभियंते रिकार्डो यांनी उलट बाजूने प्रश्न सोडवला. त्यांच्या ई-35 या एकसिलिंडरी इंजिनात कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरातील मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) इंजिन चालू असतानाच बदलता येई, म्हणून प्रत्येक इंधन कोणत्या रेशोपर्यंत ठोके न देता चालते हे थेट पाहता आले. तेव्हा असे आढळले की निरनिराळ्या पेट्रोलांच्या मिश्रणांतील उष्णता जवळजवळ सारखीच असते; शक्तीतील फरक पडतो तो कोणते पेट्रोल किती दाब सोसते यामुळे.

व्हॉल्व्हघाशा: माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका जुन्या एकसिलिंडरी इंजिनाची शक्ती दिवसागणिक घटत होती, म्हणून मी दोनदा व्हॉल्व्ह घासून बसवले आणि तरी फरक पडला नाही. शेवटी तेलाची पट्टी बाहेर काढली, तर तेल पातळ झालेले आणि त्याला पेट्रोलाचा वास. न उडालेला जड अंश पिस्टन रिंगांवरून खाली झिरपून तेलात मिसळत होता. थंड इंजिनावर घेतलेल्या छोट्या चाचण्यांत हे अधिक होते, म्हणून इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे तापमानही नोंदवायला हवे.

चाचणीमेज: आभार. मग 1926 मध्ये ग्रॅहम एडगर यांनी ऑक्टेनमापन (इंधन ठोक्यांना किती दाद देत नाही याचे माप) सुचवण्यापूर्वीचे आकडे एकमेकांशी ताडून पाहायचेच नाहीत का?

शंभर_मिली: दोन कारखान्यांचे आकडे ताडू नयेत असेच मी म्हणेन. एकाच जागेची तुलना मात्र शक्य आहे. एकाच पिंपातले, घट्ट बंद ठेवलेले पेट्रोल संदर्भासाठी राखून ठेवावे, आधी त्यावर चाचणी घ्यावी, मग नव्या पेट्रोलावर, आणि पुन्हा पहिल्यावर. शेवटचा आकडा पहिल्याशी जुळला तर मधला फरक इंधनाचा. जुळला नाही तर दरम्यान इंजिनच बदललेले आहे, किंवा पिंपाचे झाकण उघडे राहून हलका अंश उडालेला आहे.