मदत हवी आहे: पुतण्याला ३०४-अ (निष्काळजीपणाने मृत्यू) खाली एक वर्षाची शिक्षा झाली, अपिलात काय होऊ शकतं?

तापीकाठचा:

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातला शेतकरी. कोर्टाशी आमचा संबंध म्हणाल तर २०१९ साली जळगावच्या घरकुल घोटाळ्यात धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी धरलं तेव्हा पारावर पेपर मोठ्याने वाचला होता, तेवढाच. त्याच हिवाळ्यात आमच्या घरावर वेळ आली.

डिसेंबर २०१९. मोठ्या भावाचा मुलगा तेव्हा वीस वर्षांचा. कापसाची ट्रॉली घेऊन जिनिंगला निघाला होता. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर वरचा दोर सैल झाला म्हणून त्याने ट्रॅक्टर डाव्या कडेला घेतला आणि दोर आवळायला ट्रॉलीवर चढला. रात्रीचे साडेआठ वाजले असतील. मागून मोटारसायकल आली ती थेट मागच्या फळीवर आदळली. चालवणारा बत्तीस वर्षांचा माणूस जागीच गेला, मागे बसलेल्याचा पाय मोडला. ट्रॉलीला रिफ्लेक्टर होता, पण धुळीने माखलेला... नको, इथे तरी खरं सांगतो. नव्हता.

पोरगा पळाला नाही. दुसरी गाडी थांबवून जखमीला त्यानेच दवाखान्यात नेलं, पोलिसांना फोनही त्यानेच केला.

मागच्या शुक्रवारी तालुक्याच्या कोर्टात निकाल लागला. ३०४-अ खाली एक वर्ष साधी कैद आणि दंड. २७९, ३३८ आणि २८३ (रस्त्यात अडथळा) खाली वेगळी शिक्षा आहे, पण सगळ्या एकत्र भोगायच्या. अपिलासाठी त्याच दिवशी जामीन मिळाला म्हणून पोरगा घरी आहे. जेवत नाही, बोलत नाही.

आता गावात जो तो वकील झाला आहे. एक म्हणतो, नवीन कायद्यात पाच वर्षं आहेत, अपिलात गेलात तर वाढवून देतील. दुसरा म्हणतो, दहा वर्षं. जानेवारी २०२४ ला टँकरवाल्यांनी संप केला, मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून पेट्रोल येईना आणि आम्ही पंपावर रांगा लावल्या, तो याच दहा वर्षांसाठी होता ना? आई तर रोज एकच विचारते, "पोऱ्याले पाच वरीस व्हई का रे भो?" तिला काय सांगू?

आणखी एक. पोरगा तेव्हा वीसचा होता. एकवीसच्या आतल्याला प्रोबेशनवर, म्हणजे कैदेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर, सोडतात असं कोणीतरी म्हणालं. त्याला एसटीत चालक व्हायचं होतं. जाणकारांनी कृपया सांगावं. आमचा वकील चांगला आहे, पण त्याच्यासमोर बसलं की अर्धे प्रश्न विसरायला होतात.

शिरपूरचा_पाटील:

दादा, एवढी काळजी करू नका. नवीन कायद्यात तुरुंगाऐवजी समाजसेवा आहे म्हणे. शाळेचं अंगण झाडायला सांगतील. पुण्याच्या त्या पोर्शेवाल्या पोराला तर निबंध लिहायला लावला होता. गरिबाला कैद आणि श्रीमंताला निबंध, दुसरं काय!

निवृत्त_काळाकोट (धुळे):

पाटील, तुमचा राग समजतो, पण दोन्ही गोष्टी चुकीच्या सांगताय. पुण्यातला मुलगा सतरा वर्षांचा होता. तो निबंध बाल न्याय मंडळाने मे २०२४ मध्ये घातलेली जामिनाची अट होती, शिक्षा नव्हती. आणि समाजसेवेची शिक्षा मोजक्या किरकोळ गुन्ह्यांनाच आहे: छोटी चोरी, दारू पिऊन धिंगाणा, बदनामी वगैरे. अपघाती मृत्यूला ती नाही.

तापीकाठचे दादा, आईंना आजच सांगा, पाच वर्षं होणार नाहीत. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १०६(१) खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे, हे खरं. पण घटना २०१९ ची. राज्यघटनेचं कलम २०(१) सांगतं की गुन्हा घडला त्या दिवशी जी शिक्षा कायद्यात होती तिच्याहून जास्त देता येत नाही. त्या दिवशी जुन्या दंड संहितेचं ३०४-अ होतं, कमाल दोन वर्षं. निकाल कधी लागला याने त्यात फरक पडत नाही.

दहा वर्षांचं म्हणाल तर ते १०६(२), अपघात करून न कळवता पळणाऱ्यासाठी. संप त्यावरच झाला होता आणि बाकीचा कायदा लागू करताना तेवढं उपकलम वगळलं. शिवाय तुमचा मुलगा पळालेला नाही.

अपिलात शिक्षा वाढते का? फक्त आरोपीचंच अपील असेल तर त्या अपिलात ती वाढवता येत नाही. सरकारने शिक्षा कमी पडली म्हणून वेगळं अपील केलं तर गोष्ट निराळी. मृताच्या घरच्यांना भरपाई अपुरी म्हणून अपील करता येतं, पण शिक्षा कमी म्हणून नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये परविंदर कंसल प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे.

आता मुख्य मुद्दा. ३०४-अ मध्ये निष्काळजीपणा दाखवून भागत नाही, मृत्यू त्याच निष्काळजीपणाचा थेट परिणाम असावा लागतो. कुर्बान हुसेन रंगवाला, १९६५. मुंबईतला रंगाचा कारखाना, आगीत सात कामगार गेले. परवान्याच्या अटी मोडल्या होत्या यात वाद नव्हता. पण आग भडकली ती एका कामगाराने तापलेल्या मालात घाईने टर्पेंटाइन ओतल्यामुळे. सर्वोच्च न्यायालयाने मॅनेजरला ३०४-अ मधून सोडलं, आगीबाबत निष्काळजीपणाच्या २८५ खालचा दोष मात्र कायम ठेवला. तुमच्याकडे प्रश्न असा की रिफ्लेक्टर नसणं हेच मृत्यूचं थेट कारण की मध्ये आणखी काही आलं? अंधारा रस्ता, मागे दिवा नाही, माणूस उभा नाही, दगड किंवा फांदीची खूण नाही, एवढं असेल तर कोर्ट "हेच थेट कारण" म्हणू शकतं. खोटी आशा दाखवत नाही.

२७९ बद्दल मात्र वकिलांना जरूर विचारा. ते कलम भरधाव किंवा निष्काळजीपणे वाहन चालवण्याचं आहे. तुमचा ट्रॅक्टर उभा होता आणि पोरगा ट्रॉलीवर होता. हा मुद्दा खालच्या कोर्टात घेतला होता का?

अमळनेरचा_मास्तर:

मी दुसऱ्या बाजूचा आहे. माझा धाकटा भाऊ २०१६ साली अशाच उभ्या ट्रॉलीवर गेला. रिफ्लेक्टर तिलाही नव्हता. पन्नास रुपयांची लाल पट्टी. आमच्या केसमध्ये साक्षीदार फितूर झाले आणि ट्रॅक्टरवाला निर्दोष सुटला. मला त्याच्या सुटण्यापेक्षा दुसरंच खुपतं. आठ वर्षं केस चालली, कोर्टाच्या व्हरांड्यात तो आणि मी समोरासमोर बाकावर बसायचो, पण त्याच्या घरचं एक माणूस आमच्या दारात आलं नाही.

तापीकाठचे, तुम्ही गेलात का त्या घरी?

तापीकाठचा:

सर, खोटं बोलणार नाही. नाही गेलो. तेव्हाचे वकील म्हणाले, गेलात तर कबुली समजतील. आम्ही घाबरलेली माणसं, ऐकलं. नंतर वर्षं उलटली आणि मग कोणत्या तोंडाने जायचं हाच प्रश्न होऊन बसला.

काळाकोट साहेब, आईला सांगितलं. तिने दोनदा विचारलं, "नक्की ना?" पण प्रोबेशनचं राहिलं. आणि त्या घराला आता पैसे दिले तर शिक्षा जाईल का?

निवृत्त_काळाकोट (धुळे):

पैशाचं आधी. ३०४-अ आपसात मिटवता येत नाही. ३३८, म्हणजे पाय मोडल्याचं, कोर्टाच्या परवानगीने मिटतं. पण मृत्यूचं नाही. भरपाई दिली म्हणून कैद माफ होते हा समज पंजाबच्या सौरभ बक्षी प्रकरणात मोडला. खालच्या कोर्टाने एक वर्ष दिलं होतं, हायकोर्टाने भरपाईकडे पाहून भोगलेल्या २४ दिवसांवर आणलं, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते सहा महिने केलं. मार्च २०२३ मध्ये दिलबहादूर प्रकरणात तर आणखी कडक. स्कॉर्पिओने रुग्णवाहिकेला धडक दिली होती. हायकोर्टाने दोन वर्षांचे आठ महिने केले होते, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोन वर्षं केली. सरकारी वकील हे दोन्ही निकाल काढतील. तुमच्या वकिलांनी एवढंच दाखवायचं की ती भरधाव चालवल्याची प्रकरणं होती, हा ट्रॅक्टर उभा होता.

प्रोबेशन कायद्याचं एकवीसच्या आतल्यांसाठीचं कलम ६ तुम्हाला मिळणार नाही. वय घटनेच्या दिवशीचं धरत नाहीत, दोषी ठरल्याच्या दिवशीचं धरतात. १९६३ पासून हाच नियम आहे. तुमचा पुतण्या आता सव्वीसचा असेल. वाईट वाटतं सांगायला, खटला लांबला नसता तर तो फायदा मिळाला असता.

कलम ४ ला मात्र वयाची अट नाही. वाहनचालकांना ३०४-अ मध्ये प्रोबेशन सहसा देऊ नये असं दलबीर सिंग निकालात २००० साली म्हटलं आहे, तो अडथळा मोठा आहे. दुसऱ्या पारड्यात एप्रिल २०२५ चा चेल्लम्मल निकाल ठेवता येईल. तिथला गुन्हा वेगळ्या जातीचा होता, पण सर्वोच्च न्यायालय म्हणालं की प्रोबेशन देणं न देणं कोर्टाच्या हातात असलं तरी कलमाच्या अटी बसत असतील तर त्याचा विचारच न करणं चालणार नाही. तुमच्या निकालपत्रात प्रोबेशनवर एक तरी ओळ आहे का ते पाहा. नसेल तर तो अपिलाचा स्वतंत्र मुद्दा होतो.

एसटीबद्दल: प्रोबेशन मिळालं तर शिक्षेमुळे येणारी अपात्रता जाते, दोषी ठरल्याचा ठपका जात नाही. भरतीच्या अर्जात लपवू नका.

मास्तरांच्या प्रश्नावर माझं मत सांगतो. माणुसकीने भेटायला जाणं म्हणजे कबुली नव्हे. फक्त तिथे केसबद्दल, साक्षीबद्दल, "मिटवून टाका" असलं एक अक्षर बोलू नका.

भुसावळकर_७१:

विमा होता का? मोटार अपघात दाव्यात तरी त्या घराला काही मिळालं का?

तापीकाठचा:

ट्रॅक्टरचा होता. दावा जळगावला चालू आहे.

निवृत्त_काळाकोट (धुळे):

तो हिशेब वेगळा आहे, दोन्हींची गल्लत नको. दाव्यात चुकीचे वाटे पडतात. जुलै २०२५ मध्ये कोइम्बतूरच्या एका प्रकरणात, हमरस्त्यात अचानक गाडी थांबवणाऱ्या कारचालकावर ५० टक्के, मागच्या बसवर ३० आणि मोटारसायकलस्वारावर २० टक्के दोष सर्वोच्च न्यायालयाने ठेवला. फौजदारीत असे वाटे पडत नाहीत. तिथे समोरच्याचीही चूक होती एवढ्याने सुटका होत नाही. त्याच्या चुकीने कारणाची साखळी तुटली का, हे बघतात.

तापीकाठचा: (नऊ दिवसांनी)

निकालाची नक्कल मिळाली. प्रोबेशनवर एकच ओळ आहे: "गुन्ह्याचे गांभीर्य पाहता लाभ देता येत नाही." एवढंच.

आणखी एक सापडलं. गाडी तपासणीच्या अहवालात मोटारसायकलच्या हेडलाइटचा खटका बंद स्थितीत होता असं लिहिलं आहे. निकालात त्यावर चर्चा नाही, आमच्या आधीच्या वकिलांनी उलटतपासात विचारलंही नाही. आत्ताचे वकील म्हणतात, हा मुद्दा पहिला घ्यायचा. साखळी तुटली ती इथेच. भाऊ दोन दिवस गप्प होता. मग म्हणाला, "मेलेल्या माणसावर ढकलायचं का आता?" पोराने पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाला, "काका, दिवा बंद होता का चालू, मला खरंच दिसलं नाही. मी वर होतो, दोर बघत होतो."

शेवटी मुद्दा घेतला आहे. खटका धडकेत सरकलेला असू शकतो, हेही वकिलांनी सांगून ठेवलं आहे. २७९ चा मुद्दा आणि प्रोबेशनची मागणीही घातली. सोमवारी दाखल करतोय.

मास्तर, परवा भाऊ आणि मी त्या घरी जाऊन आलो. त्याच्या वडिलांनी दार उघडलं. बसा म्हणाले. चहा झाला नाही. पाऊण तास बसलो, कापसाच्या भावाखेरीज काही बोलणं झालं नाही. निघताना म्हणाले, "तुमच्या पोराने त्या दुसऱ्याला दवाखान्यात नेलं, ते मला माहीत आहे." केसचं आम्ही काढलं नाही. हेडलाइटचंही नाही. ते अपिलात वाचतील तेव्हा काय वाटेल, ते डोक्यातून जात नाही.

एक शेवटचं विचारतो. नकलेत अकरावं पान नाही. पुन्हा अर्ज करावा लागेल का? तेवढ्यात मुदत गेली तर?

निवृत्त_काळाकोट (धुळे):

उद्याच अर्ज द्या. कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत फुकट द्यावी लागते, त्यामुळे पान राहिलं ही त्यांची चूक आहे, पैसे मागितले तर नम्रपणे तसं सांगा. नकलेला लागणारे दिवस मुदतीतून वगळतात, पण त्यावर विसंबू नका. सोमवारी आहे त्या प्रतीवर दाखल करा, पान नंतर जोडा. आणि अपिलासोबत शिक्षेला स्थगितीचा अर्ज विसरू नका. सध्याचा जामीन अपील दाखल होईपर्यंतचाच आहे.