मदत हवी आहे: बाबांच्या तळपायाची जखम भरत नाही, व्हॅक्यूम ड्रेसिंग करावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही वणीकडचे. बाबांना बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत वावरात त्यांच्या पायात धसकट घुसलं. पाय बधिर, त्यामुळे त्यांना कळलंच नाही. आईला चपलेवर रक्त दिसलं तेव्हा समजलं. आता उन्हाळा लागला, तरी अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढी जखम तशीच आहे. कडा पांढऱ्या, जाड, आणि आतून पाणी येतं. गावात रोज ड्रेसिंग होतं, अँटिबायोटिक्सही झाली.

आता सर्जन व्हॅक्यूम ड्रेसिंग सांगतात, तर एक नातेवाईक म्हणतात ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये बसवा. पैशाची जुळवाजुळव करू, पण यातच वेळ जाऊन पाय कापायची पाळी आली तर? कोणाच्या घरी हे उपचार झाले असतील तर सांगा. सेवाग्रामला न्यावं, सावंगीला की नागपूर मेडिकलला?

प्रतिसाद

दादा, मी सर्जरी वॉर्डात सिस्टर होते. मशीनचं नंतर पाहा, आधी पायात रक्त नीट पोचतं का ते तपासून घ्या. डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह पाहायची सोनोग्राफीसारखी तपासणी, करायला सांगा. शुगरवाल्यांच्या रक्तवाहिन्या बऱ्याचदा कडक झालेल्या असतात, म्हणून नुसतं घोट्याजवळ मोजलेलं ब्लड प्रेशर फसवं निघू शकतं. रक्तवाहिनी तुंबली असेल तर ती मोकळी केल्याशिवाय जखम भरणं कठीण. एक्स-रेही काढा, हाडात इन्फेक्शन गेलं असेल तर त्याचा इलाज आधी.

व्हॅक्यूममध्ये जखमेत फोम ठेवून वरून प्लास्टिक चिकटवतात, मशीन आतलं पाणी ओढत राहतं. फोम दोन-तीन दिवसांनी बदलतात. खोल जखमेला फायदा होतो, पण मेलेलं मांस आधी काढावं लागतं. ऑक्सिजन चेंबर निवडक पेशंटनाच, आणि त्यासाठी कित्येक आठवडे रोज जावं लागतं.

कडा जाड आहेत म्हणजे बाबा अजून त्या पायावर भार देऊन चालतात. इथंच सगळं अडतं! रक्तपुरवठा चांगला असेल आणि इन्फेक्शन नसेल, तर भार काढणारं खास प्लास्टर घालता येतं, त्याबद्दल आवर्जून विचारा. दर आठवड्याला शेजारी मोजपट्टी ठेवून जखमेचा फोटो काढा. चांगल्या उपचारानंतरही ४ आठवड्यांत जखम निम्मी झाली नाही, तर उपचार बदलायला हवा.

तुम्हाला सोयीचं असेल त्या मोठ्या दवाखान्यात न्या, पण लवकर. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा; जनआरोग्य योजनेत काय बसतं ते तिथला आरोग्यमित्र सांगेल. ताप आला, पाय लाल होऊन सुजला किंवा बोट काळं पडलं, तर ओपीडीची वाट न पाहता त्याच दिवशी निघा.